खेळायचा खेळ आणि लिहायचा खेळ



दर वेळी मी तुमच्यापुढे येतो तो बियाण्याची, खताची नाहीतर फवारणीची गोष्ट घेऊन. आज मात्र खेळाची गोष्ट घेऊन आलो आहे. तुम्ही म्हणाल, विस्तार अधिकाऱ्याला वय झाल्यावर हे काय सुचले? पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा. ती तुमच्या घरातल्या मुलामुलींची आहे आणि तुमच्या कांद्याच्या पट्टीचीही आहे.

आमचे घर सुप्याचे. पारनेर तालुक्यात पुणे-नगर रस्त्यावर हे गाव आहे. एका अंगाला औद्योगिक वसाहत, लांब डोंगरावर पवनचक्क्या, आणि मधल्या माळावर बाजरी, मूग, वाटाणा, कांदा. पाऊस बेताचाच. मी नोकरीनिमित्त बाहेर असतो. शेती धाकटा भाऊ बघतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तर ओट्यावर भांडण चालले होते. पुतण्या बारावीला, पुतणी नववीला. घरात चांगला मोबाइल एकच. तो दिवसभर पुतण्याच्या हातात, कारण तो खेळत असतो. पुतणी म्हणते, मला अभ्यासाला पाहिजे. भावजय म्हणते, तो फोनच विहिरीत टाका.

मी मध्ये पडलो. पुतण्याला विचारले, “काय खेळतोस एवढे?” त्याने दाखवले. दोघांनी समोरासमोर बसून खेळायचा साधा पट होता. मी म्हटले, “अरे, हा तर आपला फुली-गोळाच! हा कोणी केला?” तो म्हणाला, “तात्या, केला कोणी म्हणजे? तो ॲपमध्येच असतो.”

ह्या उत्तराने मी थबकलो. खेळ ॲपमध्येच असतो! जसे काही पाऊस ढगात असतो. कोणा माणसाने तो बसून लिहिला आहे, त्याचे नियम ठरवले आहेत, हे त्या पोराच्या मनातही आले नव्हते. त्याच संध्याकाळी आम्ही ठरवले की हा खेळ आपण स्वतः लिहायचा. तो कसा लिहिला, कुठे चुकलो आणि त्यातून काय हाती लागले, ते तुम्हांला सांगतो. तुमच्या घरीही हे करता येईल. पैसा लागत नाही.

खेळ आपल्याला नवे नाहीत

आपल्या बापजाद्यांनी पटावरचे खेळ कमी खेळलेले नाहीत. गुरे चारताना दगडावर कोळशाने रेघा मारून वाघ-बकरी मांडायची, चिंचोके नाहीतर खडे घ्यायचे. एकात एक तीन चौकोन काढून नऊ-नऊ खड्यांची नवकंकरी तुमच्यापैकी कित्येकांनी खेळली असेल. आपल्या लेण्यांत, किल्ल्यांवर आणि देवळांच्या फरशीवर असे पट दगडात कोरलेले आजही दिसतात. चौकीवरच्या पहारेकऱ्याने किंवा मुक्कामाच्या वाटसरूने वेळ घालवायला ते कोरले असतील. ह्या सर्व खेळांत सोंगट्या थोड्या आणि नियम मोजके. तोच त्यांचा गुण, आणि म्हणूनच संगणकाला शिकवायलाही ते सोपे.

आम्ही सुरुवातीला सर्वांत लहान खेळ घेतला: फुली-गोळा. नऊ घरे. एकाची फुली, एकाचा गोळा. आडव्या, उभ्या किंवा तिरप्या एका रेषेत ज्याच्या तीन खुणा येतील तो जिंकला.

संगणक हा कसा गडी आहे?

लिहायला बसण्यापूर्वी मी मुलांना माझी एक जुनी चूक सांगितली. नोकरीला लागलो त्या काळातली. कांद्यावर फुलकिडे पडले होते. एका शेतकऱ्याने रस्त्यात गाठून औषध विचारले. मी घाईत होतो. म्हटले, “पंपाला दहा मिली टाका.” माझ्या डोळ्यांसमोर पाठीवरचा पंधरा लिटरचा पंप होता. त्यांच्याकडे इंजिनावर चालणारा फवारा होता आणि त्यांचा ‘पंप’ म्हणजे दोनशे लिटरचे पिंप. त्या पिंपात त्यांनी प्रामाणिकपणे दहा मिली टाकले. तिथे सव्वाशे मिलीच्या वर पाहिजे होते. फुलकिडे काही मेले नाहीत. औषध, डिझेल, मजुरी वाया गेली आणि पातीही गेली. त्यांनी मी सांगितले तसेच केले होते. चूक माझी होती. तेव्हापासून मी ‘पंपाला’ म्हणत नाही, ‘दर लिटर पाण्याला’ म्हणतो.

संगणक हा असाच गडी आहे. सांगाल तेवढेच करतो आणि सांगाल तसेच करतो. तो न थकता करतो, वाऱ्याच्या वेगाने करतो, पण तुमच्या मनातले ओळखत नाही. घरचा गडी ‘पाणी सोड’ म्हटले तरी कोणत्या वाफ्याला ते समजतो. संगणकाला वाफा सांगावा लागतो, बारे कधी मोडायचे ते सांगावे लागते, आणि शेवटचा वाफा भरल्यावर मोटार बंद कर हेही सांगावे लागते. नाहीतर तो जन्मभर पाणी सोडत बसेल. अशा बिनचूक सांगण्याच्या यादीलाच प्रोग्रॅम म्हणतात. ह्यात जादू काही नाही.

आधी कागद, मग मोबाइल

पहिले दोन दिवस आम्ही मोबाइलला हात लावला नाही. वहीचे पान घेतले. नऊ घरांना वाफ्यांसारखे नंबर दिले. वरच्या ओळीत १, २, ३. मधल्या ओळीत ४, ५, ६. खालच्या ओळीत ७, ८, ९. संगणकाला चित्र दिसत नाही, त्याला नंबर कळतात. पाच नंबर म्हटले की मधले घर.

मग जिंकण्याच्या रेषा मोजल्या. पुतणीने पटापट सांगितल्या. आडव्या तीन: १-२-३, ४-५-६, ७-८-९. उभ्या तीन: १-४-७, २-५-८, ३-६-९. तिरप्या दोन: १-५-९ आणि ३-५-७. एकूण आठ. ह्यापलीकडे जिंकण्याची रेषा नाही.

नंतर मी म्हटले, “समजा, एक माणूस आहे. त्याने फुली-गोळा कधी पाहिलेला नाही. त्याला चिठ्ठी लिहा. चिठ्ठी वाचून त्याने पंचाचे काम करायचे.” दोघांनी बऱ्याच खाडाखोडीनंतर ही चिठ्ठी तयार केली:

१. नऊही घरे रिकामी कर.
२. पहिली पाळी फुलीची.
३. पट दाखव.
४. ज्याची पाळी असेल त्याला घराचा नंबर विचार.
५. नंबर १ ते ९ मधला नसेल, किंवा ते घर भरलेले असेल, तर ‘चुकले’ म्हण आणि पुन्हा चौथ्या ओळीवर जा.
६. त्या घरात त्याची खूण मांड.
७. आठही रेषा तपास. एखाद्या रेषेत तिन्ही घरे सारखी असतील तर पट दाखव, तो जिंकला असे सांग आणि थांब.
८. नऊही घरे भरली असतील तर पट दाखव, ‘बरोबरी’ असे सांग आणि थांब.
९. पाळी बदल आणि तिसऱ्या ओळीवर जा.

ही नऊ ओळींची चिठ्ठी म्हणजेच खेळाचा प्रोग्रॅम. पुढचे काम फक्त ती संगणकाच्या भाषेत उतरवण्याचे. पण वाचकहो, सातवी ओळ जरा पुन्हा वाचा. तिच्यात एक चूक आहे. आम्हांला ती दिसली नव्हती. तुम्हांला दिसते का बघा. उत्तर पुढे आहे.

भाषा कोणती आणि इंग्रजी किती?

आम्ही पायथन नावाची भाषा घेतली. नेदरलँडच्या गुइडो व्हान रोसम ह्या गृहस्थांनी ती केली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांपुढे आली. ती सर्वांना फुकट आहे. मोठ्या कारखान्यांत, बँकांत, हवामानाच्या कामातही ती चालते आणि शाळेतल्या मुलालाही झेपते. साध्या अँड्रॉइड मोबाइलवर पायथन चालवणारी फुकट ॲप मिळतात. आम्ही पायड्रॉइड नावाचे घेतले. एकदा उतरवून घेतले की पुढे नेट लागत नाही. मध्येमध्ये जाहिराती येतात. त्यांवर बोट ठेवायचे नाही एवढे मुलांना बजावून सांगा.

पुष्कळ पालक इंग्रजीला भितात. ह्या भाषेत राखून ठेवलेले मूळ शब्द अवघे पस्तीस आहेत. आमच्या खेळाला त्यातले जेमतेम सहा-सात लागले. ‘इफ’ म्हणजे जर. ‘एल्स’ म्हणजे नाहीतर. ‘व्हाइल’ म्हणजे अमुक आहे तोवर करत राहा. ‘फॉर’ म्हणजे यादीतल्या एकेकाला घेऊन करा. त्याशिवाय पडद्यावर लिहायला ‘प्रिंट’ आणि माणसाला विचारायला ‘इनपुट’. घरांना, पाळीला, रेषांना नावे मात्र आपण द्यायची, आणि ती मराठीत दिली तरी चालतात. पुतणीने पटाला ‘पट’ आणि पाळीला ‘पाळी’ असेच नाव दिले.

दोन ठेचा आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्या मुलांना लागणार नाहीत. पहिली ही की, संगणक एकापासून नव्हे तर शून्यापासून मोजतो. नऊ घरांची यादी केली तर त्याच्या लेखी ती शून्य ते आठ. ह्यावर आमचा गावठी तोडगा असा: यादीत दहा घरे ठेवायची आणि शून्य नंबरचे घर पडीक सोडायचे. दुसरी ठेच अशी की, माणसाने दाबलेला ५ हा संगणकाला आधी आकडा वाटत नाही, नुसते अक्षर वाटते. ‘इंट’ ह्या शब्दाने त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. आणि कोणी आकड्याऐवजी अक्षर दाबले तर प्रोग्रॅम तिथेच आडवा होतो. म्हणून दाबलेले ते आकडाच आहे ना, हे आधी तपासायची सवय लावा.

पहिल्याच डावात फजिती

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळ सुरू झाला. भाऊ, भावजय, आई, सगळी ओट्यावर जमली. पुतणीने पहिली फुली पाच नंबरच्या घरात मांडली. पडद्यावर अक्षरे उमटली: ‘फुली जिंकली’. एकाच फुलीत! पुतण्या पोट धरून हसला. पुतणीच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, “तात्या, मोबाइलच खराब आहे.”

मी म्हटले, “बाई, मोबाइल खराब नाही. आपण काय सांगितले ते वाच.” तिने सातवी ओळ मोठ्याने वाचली. ‘तिन्ही घरे सारखी असतील तर.’ मग गप्प झाली. मग एकदम ओरडली, “रिकामी घरेपण सारखीच!”

हीच ती चूक. वरच्या ओळीतली तिन्ही घरे रिकामी होती, म्हणजे सारखीच होती. संगणकाने सांगितले तेवढे केले. माझ्या दहा मिलीसारखेच झाले. ओळ दुरुस्त केली: ‘तिन्ही घरांत ज्याची पाळी आहे त्याचीच खूण असेल तर.’ खेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने हुशारी केली. त्याने ‘पाळी बदल’ ही ओळ तपासणीच्या वर आणून ठेवली. आता गोळ्याने तीन खुणा लावल्या की तपासणी फुलीची व्हायची, आणि जिंकणाऱ्याचे नाव त्याच वेळी यायचे नाही. आणखी एकदा सातवी आणि आठवी ओळ उलटसुलट झाली. तेव्हा नवव्या म्हणजे शेवटच्या खुणेने जिंकलेला डाव संगणकाने बरोबरीत काढला, कारण पट भरला आहे हे त्याने आधी पाहिले. ओळी त्याच, पण क्रम चुकला की निकाल बदलतो. आधी पेरणी आणि मग नांगरणी करून कसे चालेल?

म्हणून सांगतो, प्रोग्रॅम एकदा चालला म्हणून झाला असे समजू नका. बियाण्याची उगवण तपासतो तसा तो तपासा. आठही रेषांनी एकेकदा जिंकून पाहा. बरोबरी करून पाहा. भरलेल्या घरावर खूण मांडून पाहा. दहा, शून्य आणि अक्षर दाबून पाहा. नवव्या खुणेने जिंकून पाहा. मुले हे आनंदाने करतात, कारण चूक शोधण्यात त्यांना खेळण्याइतकीच गंमत वाटते.

समोर संगणक बसवायचा

दोघांचा खेळ झाला की मुले विचारणारच, की संगणकच आपल्याशी खेळेल का? खेळेल. पण कसे खेळायचे ते पुन्हा आपणच सांगायचे. आम्ही गोळा संगणकाला दिला आणि त्याला वरून खाली ह्या क्रमाने चार नियम दिले. एक, स्वतःला जिंकता येत असेल तर जिंक. दोन, पुढचा पुढच्या खेपेला जिंकणार असेल तर त्याची वाट अडव. तीन, मधले घर मोकळे असेल तर ते घे. चार, १, ३, ७, ९ ह्या क्रमाने जो कोपरा मोकळा सापडेल तो घे. एकही नसेल तर मिळेल ते घर घे.

एवढ्यावर संगणक चांगला खेळू लागला. भाऊ चार वेळा हरला. पुतणी मात्र वही घेऊन बसली आणि दोन दिवसांत तिने भोक शोधले. तिने फुली १ मध्ये मांडली. संगणकाने मधले ५ घेतले. तिने समोरचा कोपरा ९ घेतला. संगणकाने नियमाप्रमाणे ३ चा कोपरा घेतला. आता संगणकाचे ३ आणि ५ झाले, म्हणून तिने ७ घेऊन त्याला अडवले. पण ७ घेताच तिच्या दोन वाटा एकदम उघडल्या: ४ घेतले तरी जिंकते, ८ घेतले तरी जिंकते. संगणक एकच अडवू शकतो. दोन्ही बांध एकदम फुटल्यावर कोणता बुजवणार?

तिने मग चौथ्या नियमाच्या आधी एक नियम घातला: मधले घर आपले असेल आणि समोरासमोरचे दोन कोपरे पुढच्याचे असतील, तर कोपरा न घेता बाजूचे २, ४, ६, ८ पैकी एक घे. भोक बुजले. ह्याच जातीचे दुसरे एक भोक अजून शिल्लक आहे. फुलीने पहिला कोपरा घेऊन दुसरी फुली लांबच्या बाजूच्या मधल्या घरात मांडली तर काय होते, ते तुमच्या मुलांना शोधू द्या. दोन्ही बाजू न चुकता खेळल्या तर फुली-गोळा नेहमी बरोबरीतच सुटतो, हेही त्यांना आपोआप कळेल.

काडेपेट्यांचे यंत्र

हा खेळ संगणकाच्या जन्मापासून त्याच्या सोबतीला आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या विद्यापीठात १९५२ साली ए. एस. डग्लस ह्यांनी एडसॅक नावाच्या, खोली भरून टाकणाऱ्या संगणकावर हाच खेळ बसवला होता. माणूस विरुद्ध यंत्र असा तो डाव असे.

त्याहून मला आवडते ती डोनाल्ड मिची ह्यांची गोष्ट. १९६१ च्या सुमाराला त्यांना हा खेळ स्वतः शिकणारे यंत्र करायचे होते, पण हाताशी संगणक नव्हता. त्यांनी रिकाम्या काडेपेट्या जमवल्या. एकंदर ३०४. पटाच्या एकेका स्थितीला एकेक पेटी. प्रत्येक पेटीत रंगीत मणी. एक रंग म्हणजे एक घर. पेटी हलवायची आणि जो मणी निघेल ते घर खेळायचे. डाव जिंकला तर त्या रंगाचे तीन मणी जास्त घालायचे, बरोबरी झाली तर एक, हरला तर तो मणी काढून घ्यायचा. पुष्कळ डाव झाल्यावर वाईट खेळ्यांचे मणी संपत गेले, चांगल्या खेळ्यांचे वाढत गेले, आणि काडेपेट्या नीट खेळू लागल्या. आपण नाही का दरसाल चांगले कणीस बियाण्याला ठेवतो आणि हलके बाजूला काढतो? तोच हिशेब. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिच्या मुळाशी असे शिकणे आहे. पोरांना म्हणावे, मोबाइल नसला तर अडत नाही. मणी नसतील तर मूग, हरभरा, चवळी, तूर घ्या.

फुली-गोळा झाला की नवकंकरीकडे वळावे. तिथे घरे चोवीस. रेषांची यादी लांबते, खडे आधी मांडायचे आणि मग सरकवायचे असतात, पण चिठ्ठीची पद्धत तीच. राल्फ गॅसर ह्या अभ्यासकाने १९९३ साली संगणकाने पटाच्या साडेसातशे कोटींहून अधिक स्थिती तपासून दाखवले की, दोघेही न चुकता खेळले तर नवकंकरीही बरोबरीतच सुटते. पहारेकऱ्यांनी दगडात कोरलेल्या ह्या खेळाचा निकाल कळायला एवढी यातायात लागली.

आता पट्टीची गोष्ट

हे सारे तुम्हांला का सांगितले, ते आता सांगतो. आमच्या भावकीत एक तरुण आहे. नाव सांगत नाही. बापाने विश्वासाने कांद्याची पट्टी त्याच्या खात्यावर घेतली. त्यातले ४२ हजार त्याने मोबाइलवरच्या पैशांच्या रमीत घालवले. घरात दोन महिने कोणी कोणाशी बोलत नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते चांगले झाले. पण त्या पोराच्या मनातून गोष्ट गेली नव्हती. तो म्हणायचा, “माझे डोके जरा कमी पडले. अजून थोडे दिवस मिळाले असते तर भरून काढले असते.”

सुटीत तो ओट्यावर येऊन बसायचा. एक दिवस मी पुतणीला म्हटले, “आपल्या खेळात चार ओळी घाल. दोघांकडे हजार-हजार रुपये. दर डावाला दोघांनी शंभर-शंभर लावायचे. त्या दोनशेतले वीस ॲपचे, उरलेले एकशेऐंशी जिंकणाऱ्याचे. आणि दोघे अगदी बरोबरीचे खेळाडू धर. एक डाव ह्याचा, एक डाव त्याचा.” वीस हा आकडा मी नुसता समजायला घेतला होता. असा वाटा कापला जातो हे मात्र त्या पोराने स्वतःच सांगितले.

प्रोग्रॅम चालवला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नव्वद डाव झाले. दोघांकडे शंभर-शंभर उरले होते. ॲपच्या नावावर अठराशे होते.

पोरगा पडद्याकडे बघत राहिला. म्हणाला, “कोणीच हरले नाही ना? दोघे सारखेच जिंकले ना?” पुतणी म्हणाली, “हो दादा, पंचेचाळीस-पंचेचाळीस.” तो म्हणाला, “परत चालव.” तिने परत चालवले. आकडे तेच आले. मग म्हणाला, “आडत्यासुद्धा आडत घेतो, पण तो माल तरी विकून देतो.” आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी तो बापाबरोबर कांद्याची रोपे उपटायला रानात दिसला. तो सुधारला, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो की, माझ्या चार व्याख्यानांनी जे झाले नसते ते त्या चार ओळींनी झाले. डोके कमी पडले हे त्याचे दुखणे गेले. नियम कोणी लिहिले होते ते त्याला दिसले.

घरच्या वडीलधाऱ्यांना विनंती

मोबाइल विहिरीत टाकून काही होणार नाही, आणि पोरांच्या हातात तो नुसता देऊनही काही होणार नाही. एक खेळ त्यांना लिहायला लावा. ज्याने स्वतः नियम लिहिले, आपल्याच चुकीच्या ओळीने फजिती करून घेतली, तो पुढे कुठलाही खेळ, कुठलीही योजना, कुठलाही करार हाती आला की विचारील: हे नियम कोणी लिहिले? कोणाच्या सोयीने लिहिले? सातव्या ओळीत काय आहे? आपल्या लोकांना हा प्रश्न विचारता न आल्यामुळे आपण पुष्कळ गमावले आहे.

आणि मुलींना विसरू नका. आमच्या घरी मोबाइल मुलाच्या हातात असायचा, पण भोक शोधले मुलीने. मी निघालो त्या दिवशी भावजय म्हणाली, “दादा, रविवारी सकाळी दोन तास फोन तिचा. मी सांगितलंय दोघांना.” पुतण्याने तोंड वाकडे केले, पण नाही म्हणाला नाही.

तुम्ही असे करा. पहिल्या आठवड्यात नुसत्या कागदावर नऊ ओळी लिहा आणि घरातल्या कोणालातरी पंच करून त्या ओळींप्रमाणेच वागायला सांगा. दुसऱ्या आठवड्यात पट आणि पाळी, तिसऱ्यात आठ रेषा, चौथ्यात तपासणी. घाई करू नका. मी स्वतः कृषी पदवीधर. आमच्या कॉलेजच्या काळात संगणक हाताला लागत नव्हता. नोकरीत एमएस-सीआयटी करावी लागली तेव्हा पहिल्यांदा माऊस धरला. मला जमले, तर तुमच्या नववीतल्या मुलीला का जमणार नाही?

आणि ते दुसरे भोक सापडले, की ते बुजवायला कोणता नियम घातला तो संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. आमच्या पुतणीने घातलेल्या नियमाशी तो ताडून बघता येईल.